लांबच्या प्रवासाला मोठी टूरर (लांब पल्ल्याची बाइक) सोडून मधल्या आकाराची हलकी स्पोर्ट टूरर, म्हणजे तशीच पण चपळ बाइक, का घ्यावी?

मुख्य कारण वजन. यामाहाची ट्रेसर 7 पेट्रोल भरूनही सुमारे 200 किलोचीच आहे, तर बीएमडब्ल्यूची आर 1250 आरटी सुमारे 280 किलो. म्हणजे एका माणसाएवढा फरक! सरळ महामार्गावर तो जाणवत नाही. जाणवतो तो दिवसभर चालवून थकल्यावर, उतारावरच्या खडीत बाइक वळवताना किंवा पार्किंगमधून मागे ढकलताना. घाटात तर हलकी बाइक एका वळणातून दुसऱ्या वळणात इतकी सहज झुकते की चालवण्याचा खरा आनंद मला तिथेच मिळतो.

ताकद कमी पडेल ही भीती सोडा. ट्रेसरचं 689 सीसीचं ट्विन (दोन सिलिंडरचं) इंजिन सुमारे 73 हॉर्सपॉवर देतं आणि मधल्या आरपीएमलाच (इंजिन फिरण्याच्या वेगाला) चांगलं खेचतं, त्यामुळे सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. टायरही सहसा जास्त टिकतात.

मात्र कायम दोघं आणि भरपूर सामान असेल, तर मोठीच बरी. मधल्या बाइकचं सस्पेन्शन बहुधा साधं असतं. घेण्याआधी वजन वाहण्याची कमाल मर्यादा नक्की तपासा. भरलेल्या बॅगाही त्यातच मोजल्या जातात.