मोटरहोमच्या स्टिअरिंगच्या भागांना स्वतः ग्रीस कसे भरावे?

मोटरहोमच्या (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) पुढच्या अ‍ॅक्सलवरील स्टिअरिंगच्या भागांना स्वतः ग्रीस भरता येईल का आणि ते पुरेसे भरले हे कसे ओळखायचे, असे आपण विचारले आहे. हे काम नक्कीच करता येते. मी माझ्या गाडीचे हे काम दुसऱ्याकडे सोपवत नाही, कारण ग्रीस भरण्याच्या निमित्ताने प्रत्येक सांधा नजरेखालून जातो आणि ती तपासणी मला ग्रीसइतकीच मोलाची वाटते.

मात्र गाडीखाली शिरण्याआधी एक गोष्ट कृपया गांभीर्याने घ्या. एअर सस्पेन्शनमधली, म्हणजे गाडीचे वजन तोलणाऱ्या हवेच्या पिशव्यांमधली, हवा उतरली तर चॅसी (गाडीचा सांगाडा) एकदम खाली येते आणि खाली झोपलेल्या माणसाला जागाच उरत नाही. लेव्हलिंग जॅक गाडी समतल उभी करण्यासाठी असतात; त्यांच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नये. जमीन सपाट आणि पक्की असावी, चाकांना ठोकळे लावावेत आणि गाडीचे वजन पेलतील असे जॅक स्टँड निर्मात्याने सांगितलेल्या जागीच लावावेत.

ग्रीस कोणते, हे गाडीच्या आणि अ‍ॅक्सलच्या पुस्तिकेत दिलेले असते. बहुधा ते एनएलजीआय २ श्रेणीचे (ही ग्रीसच्या घट्टपणाची श्रेणी) लिथियम कॉम्प्लेक्स असते. आधीचे ग्रीस वेगळ्या प्रकारचे असेल तर त्यात हे मिसळू नये, कारण काही प्रकार एकमेकांत मिसळल्यावर पातळ होऊन वाहून जातात.

आता मुख्य मुद्दा. ग्रीस गनचे दट्टे मोजून काहीही कळत नाही. ग्रीस कुठून बाहेर येते, ते पाहावे लागते. निपल, म्हणजे ग्रीस भरायचे छोटे तोंड, आधी फडक्याने स्वच्छ पुसावे, नाहीतर त्यावरची धूळ थेट सांध्यात ढकलली जाते. टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंक हे स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे भाग; त्यांच्या सांध्यांवरच्या ज्या बूटमधून, म्हणजे रबरी आवरणातून, जुने ग्रीस बाहेर पडण्याची सोय असते, तिथे नवे ग्रीस दिसेपर्यंत भरावे. बूट पूर्ण बंद असेल तर तो किंचित फुगताच थांबावे, कारण फाटलेल्या बूटमधून पाणी आणि माती आत जाते आणि चांगला सांधाही लवकर झिजतो. किंग पिनला, म्हणजे जिच्याभोवती पुढचे चाक वळते त्या पिनला, ग्रीस भरताना वजन चाकांवर असावे की अ‍ॅक्सल उचललेला असावा, हे अ‍ॅक्सलनुसार बदलते, म्हणून तिथे पुस्तिकेचाच शब्द मानावा. एखादा निपल ग्रीस घेतच नसेल तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून पाहावे, म्हणजे दाबाखालची बाजू बदलते. तरीही घेत नसेल तर निपल बदलावा.

बाहेर येणारे जुने ग्रीस बोटावर घेऊन अवश्य पाहा. तांबूस, गंजासारखा रंग असेल तर आत पाणी शिरले आहे. किंग पिनच्या ग्रीसमध्ये पितळी चकाकणारे कण असतील तर बुश, म्हणजे पिनभोवतीच्या धातूच्या नळ्या, झिजत आहेत. सांडलेले ग्रीस लगेच पुसून घ्यावे, विशेषतः ब्रेकच्या आसपासचे.

काही स्टिअरिंग गिअर बॉक्सनाही निपल असतो. तिथे हवेवर चालणारी गन मुळीच वापरू नये, कारण तिच्या वेगामुळे ग्रीस आतल्या सीलपलीकडे जाऊन हायड्रॉलिक तेलात मिसळू शकते. हाताच्या गनने, सावकाश भरावे. स्टिअरिंग शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळणारे सांधे) आणि सरकता स्प्लाइन (खाचांचा, आत-बाहेर सरकणारा जोड) हे मात्र हमखास राहून जातात.

मोटरहोम महिनोन्महिने उभी असते, म्हणून केवळ किलोमीटरवर विसंबू नका. अंतर कमी झाले असले तरी वर्षातून एकदा हे काम कराच.

शेवटी एखाद्याला स्टिअरिंग थोडे-थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगून, बाजूला सुरक्षित राहून प्रत्येक सांधा पाहा. स्टिअरिंग हलते पण पुढचा रॉड क्षणभर उशिरा हलतो, असे जिथे दिसेल तिथे प्ले, म्हणजे सैलपणा, आहे आणि तो ग्रीसने भरून निघत नाही. तो भाग बदलावाच लागतो, आणि टाय रॉड एंड बदलला तर त्यानंतर अलाइनमेंटही (चाकांची दिशा जुळवणे) करून घ्यावी लागते.