जंगलात एकही पान नसलेलं गुलाबी फूल दिसलं, अ‍ॅपने फोटोवरून तीन नावं दिली, हे ऑर्किड आहे का?

नाही. पालापाचोळ्यातून वर आलेला वीतभर तांबूस दांडा, पानाचा पत्ता नाही आणि टोकाला मान खाली घातलेलं जांभळट गुलाबी नळीसारखं फूल, या तुमच्या वर्णनावरून हे एजिनेशिया इंडिका नावाचं परजीवी झाड वाटतं, म्हणजे दुसऱ्याच्या मुळांवर जगणारं.

हाच वाद आमच्या घरात बारा वर्षं चालू आहे, म्हणून लिहायला बसलो. भर पावसात मी आणि माझा मेहुणा याच फुलापुढे उकिडवे बसलो होतो. तो म्हणाला, "ऑर्किडच आहे, लाव पैज." मी लेन्सवरचं पाणी पुसेपर्यंत त्याने ते कुंडीत लावायला म्हणून उपटलंसुद्धा. सोबत गवताचा अख्खा ठोंब हातात आला. मी तिथेच म्हटलं, अरे, हे परजीवी आहे, गवताच्या मुळांतून अन्न ओढतंय, म्हणून तर अंगावर हिरवा ठिपकाही नाही. "तुला फार कळतं!" तिसऱ्या दिवशी कुंडीत काळं पडून आडवं झालं. दोष कोणाला? तर मातीला. अहो, हे उसाच्या आणि भाताच्या मुळांवरही जगतं, पण दुसऱ्याचं मूळच नसेल तर माती कितीही चांगली असली तरी काय करणार?

ऑर्किडच्या पाकळ्या सुट्या असतात, त्यातली एक ओठासारखी वेगळीच दिसते. इथे सगळ्यांची मिळून एकच नळी आहे, तोंडाशी पाच पाळ्या. आणि खरी खूण मागे आहे: निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरचं आवरण, एका बाजूने खालपर्यंत चिरलेला, केळफुलाचं एखादं साल उघडावं तसा. तुमचा फोटो समोरून काढलाय, त्यात हे दिसतच नाही. अ‍ॅपने तीन नावं दिली यात नवल काय? फूल बाजूने टिपा, दांड्याचं बूड टिपा आणि शेजारी काय उगवलंय तेही टिपा. परजीवी ओळखताना शेजार बघावाच लागतो.

हो, शेजारी कारवी असेल तर मात्र माझं वरचं उत्तर जरा बाजूला ठेवा. कारवीच्या मुळांवर क्रिस्टिसोनिया ही दुसरी परजीवी येते, तीही बिनपानांची. तिचा निदलपुंज चिरलेला नसतो, दातेरी नळी असते. आणि बिनपानांची ऑर्किडंही असतात, हे मला मेहुण्याने नंतर शोधून दाखवलं. असतात, पण ते त्यातलं नव्हतं.

फूल अजून जागेवर असेल तर बाजूने काढलेला एक फोटो टाकाच. मला तो पुढे एका माणसाला पाठवायचाय.