तुम्ही विचारलंय: चष्म्याचा नंबर मायनस साडेपाच आहे. लेझरने घालवावा का? धोका पत्करण्यासारखा आहे का?

प्रश्न एवढाच असता तर मी पुढे गेले असते. पण खाली तुम्ही लिहिलंय, 'वय २६, घरचे म्हणतात चांगल्या डोळ्यांना कशाला हात लावायचा', आणि तिथे मी अडकले. हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकतेय, माझ्या मोठ्या बहिणीकडून. तिला चष्मा माहीत होता तो फक्त माझ्या नाकावरचा.

चांगले डोळे म्हणजे काय हो? माझा उजवा मायनस साडेसहा होता, डावा सहा. तिसरीत चष्मा लागला. एकदा पोहण्याच्या तलावात चष्मा काठावर ठेवून उतरले, लाल टोपी दिसली म्हणून ताईचा दंड धरला आणि तिच्या सासूबद्दल बोलायला सुरुवात केली. चांगली दोन-तीन मिनिटं बोलले. ती ताई नव्हती. ताई पलीकडच्या काठावर बसून पोट धरून हसत होती. हा किस्सा ती अजून चार माणसं जमली की सांगते, आणि त्याच तोंडाने म्हणते, 'तुझे डोळे चांगले होते, उगीच कापून घेतलेस.'

लेझर करून घेण्याआधी सहा वर्षं मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्या. ताईला त्या चालायच्या, कारण त्यात 'ऑपरेशन' नव्हतं. एकदा दमून लेन्स घालूनच झोपले. सकाळी उजवा डोळा लालभडक, उजेड सहन होईना. कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक थराला, जंतुसंसर्ग. पहिले दोन दिवस तासातासाला थेंब, रात्रीसुद्धा. व्रण कडेला होता म्हणून निभावलं, मधोमध असता तर तिथला डाग जन्मभर दिसण्याच्या आड आला असता. लोक हिशेब करताना लेझरच्या पारड्यात सगळे धोके टाकतात आणि दुसरं पारडं रिकामं धरतात. चष्म्याचं ठीक आहे, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण लेन्स घालून झोपणाऱ्यांनी लेझरला भ्यायचं म्हणजे कमाल आहे.

आता तपासणी, कारण सगळं तिथेच ठरतं. पहिल्या ठिकाणी मी गेले तीच डोळ्यांत लेन्स घालून. त्यांनी त्या काढायला लावल्या, नंबर काढला, एका मशीनवर हनुवटी टेकवायला सांगितली आणि अर्ध्या तासात 'फिट आहात, शनिवारी या'. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. मऊ लेन्स असतील तर निदान एक-दोन आठवडे आणि कडक असतील तर त्याहून जास्त दिवस त्या बंद ठेवल्याशिवाय घेतलेली मापं भरवशाची नसतात. तिथे कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला तरी कुठे माहीत होतं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले ती ताईच्या कटकटीमुळे, हे मान्य करते. त्यांनी दोन आठवड्यांनी परत बोलावलं, सगळी मापं नव्याने घेतली आणि कागदाच्या पाठीवर मला वजाबाकी करून दाखवली. कॉर्निया साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. माझा निघाला ४९५. लॅसिक या लेझरच्या प्रकारात कॉर्नियाचा वरचा पापुद्रा कापून झाकणासारखा उचलतात, त्याचे ११० धरा. खाली साडेसहा नंबरासाठी लेझरने सुमारे ९५ उडवावे लागणार. उरले २९०. निदान २५० तरी उरलेच पाहिजेत असा रूढ नियम आहे, म्हणजे मी नियमात बसत होते. डॉक्टर म्हणाले, 'बसताय, पण काठावर बसताय. मला आवडत नाही.'

न आवडण्याचं कारण असं की कापलेला पापुद्रा परत ठेवला तरी तो कॉर्नियाच्या ताकदीत धरायचा नसतो. खालचा थर पुरेसा उरला नाही तर कॉर्निया पुढे काही महिन्यांनी, वर्षांनी हळूहळू फुगू लागतो. त्याला एक्टेशिया म्हणतात, आणि तो झाला की चष्मा लावूनही धड दिसत नाही. दुर्मीळ आहे, पण या प्रकरणात खरोखर घाबरण्यासारखं काही असेल तर ते हेच. ज्यांच्या टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात, केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो तो आजार) नुसती शंका आहे त्यांनी लॅसिकचं नाव काढू नये. चोळण्यानेही कॉर्निया कमजोर होऊ शकतो, म्हणून डोळे चोळायची सवय असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा.

मला त्यांनी पीआरके हा लेझरचा दुसरा प्रकार सुचवला. त्यात पापुद्रा कापत नाहीत. वरची पेशींची साय तेवढी खरवडतात आणि थेट तिथे लेझर मारतात. साय चार-पाच दिवसांत परत येते. (ताई, वाचत असशील तर: कापलं नाही. खरवडलं.) नंबर सहाच्या वर असला की पीआरकेनंतर कॉर्नियावर धुरकटपणा येण्याची शक्यता वाढते, म्हणून शेवटी मायटोमायसिन नावाचं औषध काही सेकंद लावून धुऊन टाकतात.

प्रत्यक्ष लेझर प्रत्येक डोळ्याला मिनिटभरसुद्धा चालला नाही. पापण्या चिमट्याने उघड्या, समोर लुकलुकणारा ठिपका, टकटक आवाज आणि केस जळल्यासारखा वास. जळत मात्र काही नसतं. १९३ नॅनोमीटरचे अतिनील किरण रेणूंचे बंध तोडतात आणि आजूबाजूला उष्णता फारशी पोहोचत नाही. १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन यांनी हे करून पाहिलं ते जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर. म्हणजे आपल्या आधी टर्कीचा नंबर लागला.

नंतरचे तीन दिवस वाईट होते. लॅसिकवाले दुसऱ्या दिवशी मोबाइल बघत बसतात, तसं पीआरकेत नसतं. डोळ्यांत वाळू, धारा, पडदे ओढलेली खोली. थेंब घालायला ताई येऊन राहिली. गजर लावून उठायची, एका हाताने माझी पापणी खाली ओढायची, थेंब अगदी बरोबर जागी पाडायची आणि प्रत्येक थेंबाला एकदा म्हणायची, 'सांगितलं होतं.' तीन प्रकारचे थेंब, दिवसातून चार वेळा, डोळे दोन. करा गुणाकार.

नजर स्थिरावायला महिना लागला. चौथ्या आठवड्यात एकदा अंघोळ करताना खाली पाहिलं तर माझ्या पायाची बोटं दिसली. नखांसकट, कडेला जमलेल्या साबणाच्या फेसासकट. एकतीस वर्षांची होते मी. जास्त नंबरवाल्या माणसाने अंघोळीत स्वतःचे पाय कधी पाहिलेले नसतात, हे ज्यांना सांगून कळत नाही त्यांना 'फायद्याचं आहे का' याचं उत्तर मी काय देणार?

ताईने मात्र हार मानली नाही. एफडीए या अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने लॅसिकवर केलेल्या 'प्रौल' (PROWL) अभ्यासाची बातमी तिने मला पाठवली, ४६ या आकड्याभोवती लाल गोल करून. आकडा खरा आहे. ज्यांना आधी काही त्रास नव्हता अशांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना लॅसिकनंतर तीन महिन्यांनी दिव्याभोवती वलय, किरणं फुटणं, दोन प्रतिमा दिसणं असं काहीतरी एक जाणवलं. पण त्याच अभ्यासात यामुळे रोजची कामं फार अवघड झाली असं सांगणारे एक टक्क्याहून कमी होते आणि नजरेबद्दल समाधानी असलेले ९५ टक्क्यांहून जास्त. तिथे तिने लाल गोल केला नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ वगैरे म्हणतात ते हेच.

आणि मग मी त्रेचाळीसची झाले, पेपर लांब धरायला लागले आणि वाचायचा चष्मा आणला. ताईने तो पाहिला त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. 'शेवटी लागलाच ना?'

अहो, लागणारच होता! लेझर समोरच्या कॉर्नियाला आकार देतो. जवळचं बघताना काम करतं ते बाहुलीमागचं भिंग, आणि ते वयाने ताठर होत जातं, लेझर केलेल्याचंही आणि न केलेल्याचंही. मराठीने त्या चष्म्याला नावच 'चाळिशी' दिलंय, 'फसलेलं लेझर' दिलेलं नाही. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तिने चाळिशी माझ्या कितीतरी आधी लावली. तिची ती वयाने आणि माझी ऑपरेशन फसल्याने, हे कुठलं शास्त्र?

एक गोष्ट मात्र तिला कधी सांगितली नाही, तुम्हाला सांगते. मायनस साडेसहाचा डोळा चष्मा काढला की पंधरा सेंटिमीटरवर अगदी लख्ख बघतो. घरात कुणाच्याही बोटात कुसळ गेलं की मलाच हाक असायची. चष्मा डोक्यावर सरकवायचा, बोट नाकाशी आणायचं, सुई घ्यायची आणि काढायचं. ते गेलं. परवा भाचीच्या बोटातलं कुसळ काढायला मी आणि ताई दोघी चाळिशी लावून वाकलो होतो, डोक्याला डोकं आपटलं आणि कुसळ आतच राहिलं. लेझर केला नसता तर मी ते पन्नाशीत आणि साठीतही चष्मा काढून काढलं असतं. हा तोटा मला आधी कुणी सांगितला नव्हता.

तुमच्याबद्दल. नंबर वर्षभर हलला नसेल, कॉर्निया जाड आणि टोपोग्राफी स्वच्छ असेल, तर माझ्या मते करा. लॅसिक, स्माइल की पीआरके हे जाहिरात बघून ठरवू नका, तुमची मापं ठरवतील. स्माइलमध्ये छोट्याशा छेदातून आतली चकती काढतात, मोठा पापुद्रा नसतो. मारामारीचे खेळ खेळत असाल तर पापुद्रा नसलेलाच प्रकार विचारा. 'नाही बसत' असं सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याच्यावर चिडू नका. कॉर्निया पातळ असेल तर डोळ्याच्या आत बसवायची भिंगंही असतात, त्यांचे धोके वेगळे.

हे वर लिहायला हवं होतं, राहिलं: डोळे आधीच कोरडे असतील, ऱ्हुमॅटॉइड संधिवातासारखा एखादा ऑटोइम्यून आजार (रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) असेल, गरोदरपण किंवा बाळाला अंगावर पाजणं चालू असेल, तर थांबा. मी अजून कोरडेपणाचे थेंब पर्समध्ये ठेवते. रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांना मला अजून पिसारा फुटतो, सवय झालीय एवढंच. नंबर गेला म्हणून मुळातला लांबट डोळा आखूड होत नाही, डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) सुटण्याचा धोका जास्त नंबरवाल्यांना राहतोच, तेव्हा पडद्याची तपासणी चालू ठेवा.

आणि ऑपरेशनच्या आधीची सगळी मापं जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना लेझर झालेला कॉर्निया हिशेब चुकवतो, तेव्हा जुनी मापं कामाला येतात. माझी फाइल त्या तीन दिवसांपासून ताईच्या कपाटात आहे. दोनदा मागितली. म्हणते, 'राहू दे माझ्याकडे, तू हरवशील.'