कॅपिटलमधली नावे आणि ईमॅक्स

प्रश्न : पणजीहून एका वाचकाने विचारले आहे : रोमीत टंकलेली नावांची यादी सगळी कॅपिटलमध्ये आहे. ईमॅक्स या मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या प्रोग्राममध्ये फक्त पहिले अक्षर मोठे कसे ठेवावे?

उत्तर : यादी निवडा, ऑल्ट-एक्स दाबून 'कॅपिटलाइझ-रीजन' (capitalize-region) असे इंग्रजीत लिहा, मग एंटर. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने मराठी मजकूर तसाच राहतो.

गोव्यात खरी अडचण डि'सोझासारख्या आडनावांची. टेक्स्ट मोडमध्ये (साधा मजकूर लिहिण्याच्या ईमॅक्सच्या पद्धतीत) अपॉस्ट्रॉफी शब्दाचाच भाग धरली जाते, म्हणून तिच्यानंतरचा 'एस' लहानच होतो. कर्सर नेमका त्या 'एस'वर ठेवून ऑल्ट-सी दाबा. ही आज्ञा कर्सरपासून शब्दाच्या शेवटापर्यंतच चालते, त्यामुळे आधीचा 'डी' सुरक्षित राहतो. अशी आडनावे एकेक करून तपासाच. लोकांची नावे आहेत ती. चुकल्यास कंट्रोल-एक्स, मग यू.