‘सेवेला पदवी कशाला?’

पत्र : माझी मुलगी बी.ए. झाली, ५८ टक्के. तिला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करायचं आहे. गावच्या देवस्थानाच्या बालगृहाचा मी विश्वस्त आहे. सुट्टीत ती तिथे मदतीला जायची. एका वाढदिवसाच्या जेवणाला तिने देणगीदारांसमोरच सांगितलं, ‘मुलांना रांगेने पाया पडायला लावू नका, फोटो काढू नका.’ माझी मान खाली गेली. हल्ली सारखी हक्कांचं बोलते. सेवेला पदवी आणि पगार कशाला? स्पर्धा परीक्षा द्यावी, सेवा फावल्या वेळात करावी. तिला समजवा.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तिला मी समजावणार नाही, कारण तिचं बरोबर आहे. तुमच्या पत्रात तिच्या टक्क्यांपेक्षा तुमच्या खाली गेलेल्या मानेची काळजी जास्त दिसते, म्हणून आधी तुमच्याशीच बोलतो.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो, ज्यातून त्याची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केकमागे उभ्या मुलांचा फोटो कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की दुसऱ्या दिवशी वर्गात तो मुलगा ‘आश्रमातला’ होतो. असे वाढदिवस वर्षाला किती होतात, ते पावतीपुस्तकातून मोजून पाहा. तितक्या वेळा तेच मूल, पानात घास पडायच्या आधी, अनोळखी माणसाच्या पायाशी वाकतं. ते तुमच्याकडे बाल कल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीच्या, आदेशाने आलं आहे. त्याचं जेवण कुणाच्या मर्जीवर अवलंबून नाही, आणि हे त्याला कळेल असं वागणं तुमची जबाबदारी आहे.

हक्कांची भाषा म्हणजे श्रद्धेला विरोध, हा तुमचा समज मात्र मुळातून काढायला हवा. आपल्याकडचं समाजकार्याचं शिक्षणच धर्मादाय कामातून उगवलं आहे. १९३६ साली मुंबईत टाटांच्या विश्वस्त निधीतून समाजकार्याची जी संस्था निघाली, आजची ‘टिस’ (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे. त्याआधी ते नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. १९५५ पासूनचं निर्मला निकेतन तर जोगिणींनीच सुरू केलं. दान का करायचं, हे श्रद्धा सांगते. ज्याला देतो त्याला ‘नको’ म्हणता येतं का, तक्रार करता येते का, हे हक्कांची दृष्टी विचारते. बालगृहातल्या प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करावा लागतो. याच कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांतल्या त्याच्या नमुन्यात आरोग्य, शिक्षण, खेळ यांच्याबरोबर धार्मिक श्रद्धेचा वेगळा रकाना आहे. तिथे त्या मुलाची श्रद्धा लिहायची असते, देवस्थानाची नव्हे. तो रकाना सगळ्या फायलींत एकाच अक्षरात, एकाच शब्दाने भरलेला असेल, तर मुलांना कुणी विचारलेलंच नाही.

पगाराचं विचारलंत. गृहभेट, समितीपुढची तारीख, आराखड्याचा आढावा ही कामं रविवारी दोन तास येणाऱ्या स्वयंसेवकाकडून होत नाहीत. तो चांगल्या मनाने येतो, परीक्षा आली की येईनासा होतो, फाईल तशीच राहते. आईचा पत्ता लागलेला असतानाही मूल संस्थेतच वाढतं, ते अशा पडून राहिलेल्या फायलींमुळे.

एमएसडब्ल्यू दोन वर्षांचं, कोणत्याही शाखेची पदवी चालते. ‘टिस’साठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, बाकी ठिकाणी त्या त्या विद्यापीठाची प्रक्रिया. ५८ टक्क्यांनी काही अडत नाही. क्षेत्रकार्य, म्हणजे शिकताना संस्थेत किंवा वस्तीत प्रत्यक्ष करायचं काम, कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होतं, हे प्रवेशाआधी विचारा. महाविद्यालयाची खरी परीक्षा तिथे होते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, तेही तिला सांगा. धर्मादाय रुग्णालयातलं काम तिने जरूर बघावं. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, तरी माणसं आमदाराचं पत्र घेऊन हात जोडत येतात. त्यांना ‘हा अर्ज भरा, हे तुमचंच आहे’ असं सांगणारं माणूस तिथे लागतं.

स्पर्धा परीक्षा तिला हवी असेल तर द्यावी. तुमचा फोटोचा प्रसंग मिटवण्यासाठी म्हणून देऊ नये.

आणि पदवीनंतर तिला तुमच्या बालगृहात ठेवू नका. विश्वस्ताच्या मुलीकडे विश्वस्तांविरुद्ध तक्रार घेऊन कोणतं मूल जाईल? तोवर तुम्ही दोन गोष्टी तपासा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खालचं बालगृहाचं नोंदणी प्रमाणपत्र चालू आहे ना; सरकारी अनुदान नसलं तरी ते लागतंच. आणि मुलांच्या सूचनापेटीची किल्ली सध्या कुणाच्या खिशात असते?