बायोमध्ये '२१+' लिहून मुलं थांबत नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिंडोरीकडच्या एका छोट्या वायनरीचं इन्स्टाग्राम सांभाळायला घेतलंय, बायोमध्ये, म्हणजे अकाउंटच्या वरच्या ओळखीत, 'फक्त २१+' लिहिलंय, आणि मालक विचारतायत की शाळा-कॉलेजातल्या पोरांपर्यंत आपलं काही जाऊ नये म्हणून एवढं पुरे का? नाही, पुरे नाही. मी नाशिकमध्ये सात वर्षं हेच काम करतोय आणि त्यातली पहिली दोन मीही बायोच्या भरवशावरच काढली.

आधी कायद्याचं सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. वयाची अट घातली म्हणून दारूची जाहिरात कायदेशीर होत नाही. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम २४ मालकांसोबत बसून वाचा. मद्याची भलामण करणारी, ते घ्या असं सुचवणारी जाहिरात प्रसिद्ध करायलाच त्यात मनाई आहे, बघणारा तिशीचा असो की पन्नाशीचा. म्हणून पैसे भरून पोस्ट 'बूस्ट' करणं मी कधीच बंद केलं. सोडा किंवा ग्लासच्या नावाखाली तीच बाटली पुढे करायची युक्ती कोणी सुचवली, तर २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिलाही मज्जाव केलाय. दंड पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. छोट्या वायनरीला हे झेपणारं नाही. साध्या पोस्टचे कॅप्शनही तुमच्या एक्साइजच्या (उत्पादन शुल्काच्या) सल्लागाराला एकदा दाखवून घ्या.

आता वयाचं सेटिंग. प्रोफेशनल अकाउंटला किमान वय ठरवण्याची सोय आहे, पण ती देशागणिक चालते, राज्यागणिक नाही. आपल्याकडे पिण्याचं वय बिअर-वाइनला २१, कडक दारूला २५. दिल्लीत २५, आणि शेजारी गुजरातेत तर दारूबंदीच. शनिवार-रविवारी आपल्या पार्किंगमध्ये जीजे पासिंगच्या गाड्या किती असतात हे तुम्ही बघतच असाल. मी भारतासाठी सरळ २५ ठेवलंय. फेसबुक पेजला 'अल्कोहोल' असा वेगळा पर्याय मिळतो, तो निवडा.

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याचा उपयोगही तेवढाच. आठवीतलं पोरगं अकाउंट उघडताना बापाचं जन्मसाल टाकतं. शिवाय इनसाइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाग्राम प्रेक्षकांची जी आकडेवारी दाखवतं तिच्यात, १३-१७ नंतर थेट १८-२४ असा गट येतो, त्यामुळे १९ चा कोण आणि २३ चा कोण ते तुम्हाला कळतच नाही. म्हणजे सेटिंग हे दाराचं कुलूप झालं, पण आपण खिडकीतून हाका कोणाला मारतोय?

माझी चूक सांगतो. एका हंगामात द्राक्षं तुडवण्याच्या कार्यक्रमाला एका रीलवाल्या मुलाला बोलावलं. तो स्वतः २४ चा, दिसायला त्याहून लहान. रील धो धो चालली, मालक खूश. चौथ्या दिवशी माझ्या वहिनीचा फोन, "भावजी, आमच्या ओमच्या दहावीच्या ग्रुपवर तुमची वायनरी फिरतेय." त्या रीलवाल्याचा प्रेक्षक कोण, हे मी विचारलंच नव्हतं. नंतर त्याची आकडेवारी मागवली तर निम्म्याहून जास्त पोरं १३-१७ च्या गटातली निघाली. आमच्या अकाउंटवरची वयोमर्यादा त्याच्या अकाउंटवरच्या रीलला लागू होत नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

तेव्हापासून मी ब्रिटनच्या जाहिरात नियमांतलं एक कलम उसनं घेतलंय: दारूच्या जाहिरातीत ठळकपणे दिसणारा माणूस २५ च्या आतला नसावा आणि तसा वाटूही नये. त्याच नियमांत प्रेक्षकांपैकी २५ टक्क्यांहून जास्त १८ खालचे असतील तर ते माध्यम वापरायचं नाही असं आहे. मला तो आकडा फार सैल वाटतो. पैसे देऊन असो की फुकट, कोणाला बोलवायच्या आधी मी इनसाइट्सचा स्क्रीनशॉट मागतो, आणि १३-१७ चा गट नजरेत भरला तर नमस्कार करतो.

'तीन मित्रांना टॅग करा आणि वाइन टेस्टिंग जिंका' हे मालकांना फार आवडतं. करू नका. टॅग झालेल्याचं वय ना तुम्हाला माहीत, ना टॅग करणाऱ्याला पर्वा. कार्टूनची गाणी, मीम, कॉलेज फेस्टचे हॅशटॅग, हेही नको. व्हॉट्सअॅप स्टेटसवर पोस्टर टाकू नका, तिथे वयाची काही सोयच नाही आणि तुमचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर असतोच. बुकिंगच्या फॉर्ममध्ये मुलांची नावं, वाढदिवस काही विचारू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ खालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याचा माग काढून त्याला जाहिरात दाखवायला मनाई आहे.

आपल्या धंद्यातली सगळ्यात मोठी भानगड मात्र वेगळीच आहे. जानेवारी ते मार्च वायनरीत माणसं कुटुंबासकट येतात. आजी, सून, नातवंडं, सगळे फरशीच्या टाकीत द्राक्षं तुडवतात आणि सगळ्यात गोड फोटो अर्थातच नातवाचा येतो. तोच पाहुण्याच्या अकाउंटवरून, मागे वायनरीचा बोर्ड दिसत, आपल्याला टॅग होऊन येतो आणि आपण आनंदाने स्टोरीला लावतो. मी आता टॅग आपोआप प्रोफाइलवर येऊ देत नाही, एकेक बघून मंजूर करतो. जुन्या पोस्टही एका दुपारी बसून चाळल्या, मुलं असलेल्या सगळ्या काढल्या. मालकांनी "रीच पडेल", म्हणजे पोस्ट कमी लोकांना दिसेल, म्हणून कुरकुर केली. पडलीही. टेस्टिंगची बुकिंग्ज होती तेवढीच राहिली.

यंदा आम्ही बागेच्या टोकाला, जुन्या मांडवाखाली, मुलांच्या फोटोसाठी वेगळी जागा केलीये. तिथे घड आहेत, एक बैलगाडी आहे, आणि बोर्डवर फक्त गावाचं नाव आहे.