वाईत जुने वाडे काही उरलेत का? एका दिवसात काय पाहावं?

"काही उरलेत का" हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

उरलेत. ढोल्या गणपतीचं देऊळ सगळेच पाहतात, पेशव्यांचे सरदार असलेल्या रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं. पण दर्शन घेऊन लगेच फिरू नका, देवळाच्या मागे जा. मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय. कृष्णेला पूर आला की पाणी तिथं दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. अडीचशे वर्षं ती पूर झेलतेय.

आमचा वाडा मधल्या आळीत होता. दगडी जोतं, वर चुन्यातल्या विटा, सागाचे खांब, सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, कोरलेली केळफुलं. १९९४ मध्ये रस्त्याकडच्या भिंतीला ओल आली. दादानं गवंडी आणून छातीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. आजी म्हणत होती, "चुन्याच्या भिंतीला चुनाच लावा रे, ती पाणी पिते तशी सोडतेही." कुणी ऐकलं नाही.

दोन पावसाळ्यांत ओल गिलाव्याच्या वर चढली. चौथ्या वर्षी मी टिकाव घातला, तर गिलाव्याचा अख्खा पापुद्रा सुटून आला. आतली वीट नखानं उकरली आणि मूठभर लाल भुगा हातात आला. भिंतीत खोवलेल्या तुळईच्या, म्हणजे वरचा भार घेणाऱ्या आडव्या लाकडाच्या, टोकात बोट शिरलं. सागाच्या! वीतभर अलीकडे तीच तुळई ठणठणीत होती. सिमेंटनं बाहेरची वाट बंद केली, पाणी आतल्या आत मुरत राहिलं. त्याच श्रावणात सोपा बसला.

दादा अजून म्हणतो, "वाडा जुना झाला होता, पडणारच." साफ चूक. जुना म्हणून पडला असता तर आधी तुळईचा मध्य वाकला असता, टोक कुजलं नसतं. ज्यांच्याकडे वाडा आहे त्यांनी आधी पन्हळी आणि कौलं बघावीत, पाणी कुठून येतंय ते शोधावं, आणि भिंतीला सिमेंट लावू नये. बास.

हां, प्रत्येक वाडा वाचतोच असं नाही. भाऊबंदकीत सात हिस्से, भाडेकरू, आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळायची मारामार. मला हे सगळं मान्य आहे.

तुमच्या दिवसाचं म्हणाल तर सकाळी घाट आणि आळ्या. वाड्यांत माणसं राहतात, दिंडी दरवाज्यातून आत डोकावण्याआधी हाक मारा. दुपारी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, तीनेक किलोमीटरवर आहे. तिथल्या घाटावरची पोर्तुगीज घंटा सगळे बघतात. तुम्ही वाड्यात तुळई भिंतीत शिरते ती जागाही बघा. आत फोटो काढू दिले तर तिथले दोन-तीन जवळून काढा आणि इथे टाका. दादाला दाखवायचेत.